नारळाच्या हाती स्टिअरिंग

"मामा, हात मांडीवर. घाट संपेपर्यंत उचलायचे नाहीत. बोली म्हणजे बोली."

"माझे मांडीवरच हायेत, धैर्यशीलराव. तुमचे कुठं हायेत ते बघा."

जावयांचे हात हवेत होते. म्हणजे अगदी हवेत, आरती घेताना असतात तसे. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ते मागं वळून माझ्या लेकीला आपले दोन्ही पंजे दाखवत होते. आणि ती नवीकोरी, पांढरीशुभ्र गाडी कुंभार्ली घाटाच्या माथ्यावरून आपली आपणच खाली उतरायला लागली होती.

आता या घाटाबद्दल मला कुणी काही शिकवू नये. चौतीस वर्षं मी इथनं एस.टी. चालवली. एकदा निम्म्या घाटात ब्रेक गेले, तेव्हा मी बसमधल्या चौपन्न माणसांना ओरडून सांगितलं, सगळे मागं पळा. मागच्या वजनानं पुढची दोन चाकं उचलली गेली आणि गाडी जागेवर उभी राहिली. एकदा हेळवाकला मागच्या दारातून बिबट्या चढला. इब्राहिम मास्तरांनी, म्हणजे माझ्या कंडक्टरनी, त्याचं अर्धं तिकीट फाडलं. त्याला पूर्ण तिकीट पाहिजे होतं, म्हणून तो चिडून पुढं आला आणि त्यानं माझ्या डाव्या कानावर पंजा मारला. हा बघा व्रण. खोटं वाटत असेल तर हात लावून बघा.

तर एवढं सगळं मला या घाटानं दाखवलं. पण स्टिअरिंगला बांधलेला नारळ काही दाखवला नव्हता. तो मला माझ्या जावयानं दाखवला.

त्याचं असं होतं. ही गाडी म्हणे स्वतःच रस्त्यावरचा पांढरा पट्टा बघते आणि त्याच्या आधारानं चालते. पुढच्या गाडीपासून अंतरही तीच राखते. फक्त दर थोड्या वेळानं ती 'टिंग' करते आणि समोरच्या पडद्यावर स्टिअरिंगवरच्या दोन हातांचं लाल चित्र दाखवते. म्हणजे काय, तर बाबा रे, तुझा हात आहे ना? हात लावला की गप्प बसते. नाही लावला तर टिंगटिंग वाढवत नेते. शोरूममधल्या पोरानं जावयांना कानात सांगितलं होतं की चाकाला जरा वजन टांगा, पाण्याची बाटली चालेल, गाडीला वाटतं हात आहे. जावई माझे देवभोळे. ते म्हणाले, बाटली कशाला? पूजेचा नारळ आहे की! आणि गाडीच्या पूजेचा तो नारळ लाल फडक्यात गुंडाळून त्यांनी स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला करकचून बांधला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला लायसन काढताना साहेबानं आठचा आकडा तीनदा काढायला लावला होता. वर्षाला डोळे तपासत होते. आणि हा नारळ! डोळे तीन, दिसत एकानंही नाही, आणि याच्या हाती माझी लेक, माझी बायको आणि कुंभार्ली घाट!

बोली लागली होती आदल्या दिवशी, आमच्या पाटणच्या घरी, अंगणात. जावयांचं कराडला टाइल्सचं दुकान. माणूस कष्टाळू, पण एकदा एखादी वस्तू विकत घेतली की तिची बदनामी त्यांना सहन होत नाही. मी फक्त एवढंच म्हणालो होतो की, जी गाडी ड्रायव्हरशिवाय चालते तिला मालकाचीही गरज राहणार नाही.

"मामा, तुमच्यापेक्षा बरी चालते," जावई म्हणाले. "तुम्ही एकाहत्तर वर्षांचे. काल चहाची बशी धरताना किती सांडला बघितलाय मी. आणि अजून ती जीप घेऊन बाजाराला जाता. आम्हाला तिकडं झोप येत नाही."

जीप म्हणजे माझी जुनी हिरवी जीप. निवृत्त झाल्यावर लिलावात घेतलेली. तिच्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही.

"आबा, खरंच बास करा आता," शालन, माझी लेक, म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

आमच्या हिनं आतूनच फोडणी दिली. "मी सांगून थकले. माझं ऐकतायत होय ते?"

तेव्हा जावयांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे चिपळूणला निघालो होतो, इब्राहिम मास्तरांच्या नातीच्या लग्नाला. घाटाचा माथा ते खाली पोफळी, एवढ्या टप्प्यात जो आधी स्टिअरिंगला हात लावेल तो हरला. जावई हरले, तर माझ्या जीपला चार नवे टायर आणि हा विषय कायमचा बंद. मी हरलो, तर जीपची चावी जावयांकडे, आणि मी जन्मात पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं नाही.

मी लगेच हो म्हणालो. मला वाटलं, दुसऱ्याच वळणाला यांचा हात जाणार.

तर दुसरं वळण गेलं. तिसरं गेलं. गाडी कशी, शाळेतल्या हुशार पोरासारखी रेघेवरून चालली होती. मला राग त्याचाच येत होता! माणूस चुकला तर त्याला शिव्या तरी देता येतात.

"काय मामा? ताशी तीस. वळण आलं की स्वतःच कमी करते."

"भोंगा कोण देणार? वळणावर भोंगा द्यायचा असतो."

"कशाला? तिला समोरचं दिसतं."

"समोरच्याला ही दिसायला नको?"

शालन मागनं हसली. "आबा, तुमच्या गाडीला तर घंटीपण होती. आठवतंय? प्रत्येक वळणाला मास्तरकाका मागनं एक घंटी द्यायचे आणि तुम्ही भोंगा द्यायचात. मी विचारलं का, तर म्हणालात, घाटाखाली एक म्हातारा झोपलाय. घंटी दिली की तो कूस बदलतो, म्हणून रस्ता वळतो."

"घंटी दिली नसती तर रस्ता सरळ गेला असता," मी म्हणालो. "दरीत."

सगळे हसले. मीही हसलो. ही गोष्ट मी शेकडो माणसांना सांगितली होती.

आता जावयांना जोर चढला. त्यांनी चप्पल काढली आणि सीटवर चक्क मांडी घातली. स्टिअरिंगसमोर मांडी घालून बसलेला ड्रायव्हर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आमच्या डेपोत कुणी असा बसला असता तर त्याला फोरमननं पान्यानं हाणला असता. मग त्यांनी फोन काढला आणि पुरते मागं वळून व्हिडिओ घ्यायला लागले.

"आत्या, हसा जरा. शालन, मामांचे हात दिसू देत. हे बघा मंडळी, आपण आत्ता घाटात आहोत आणि गाडी चालवतंय कोण? श्रीफळ!"

आणि समोर उंबराचं वळण आलं.

आदल्या पावसात तिथला कठडा दरीत गेला होता. डाव्या अंगानं रस्त्याची कडाही हातभर खचली होती. कामगारांनी चुन्यानं रंगवलेले दगड ओळीनं मांडून, एका पिंपाला लाल फडकं बांधून, वाहनांना डोंगराच्या बाजूनं वाट काढून दिली होती. आंधळ्याला कळावं इतकं स्पष्ट. पण जुना पांढरा पट्टा कुणी खोडणार कसा? तो आपला होता तसाच, दगडांच्या पलीकडून, चकचकीत, थेट कडेपर्यंत गेला होता. तिथं रस्ता संपला होता म्हणून तोही संपला होता.

गाडीनं पट्टा धरला.

मी नारळाकडं बघितलं. खरंच सांगतो, आधी नारळाकडं बघितलं. सवयीनं माणूस ड्रायव्हरकडंच बघतो ना! मग जावयांकडं. त्यांचं तोंड मागं, पाय मांडीखाली. पिंप उजवीकडून मागं गेलं. पहिला दगड चाकाखाली करकचला.

माझ्या मांडीवरचे हात कधी उठले मला कळलं नाही. डाव्या बाजूला बसून मी स्टिअरिंगची कड पंजानं धरून वर रेटली. दुसऱ्या हातानं हँडब्रेक शोधला, तर दांडाच नाही! दांड्याच्या जागी एक बटण! बोटानं दाबायचं बटण, पंख्याचं असावं तसं! जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या देऊन मी ते उचकटलं. गाडी दगडांवरून घासत, डोंगराकडं तोंड करून, आडवी उभी राहिली. नारळ हिसक्यानं फिरला आणि माझ्या बोटांच्या पेरांवर बसला.

मग जावई बोलले. काय बोलले असतील?

"मामा, हरलात!"

मी दार उघडून खाली उतरलो, कारण आत बसलो असतो तर जावयावर हात टाकल्याचं पाप लागलं असतं. तेही उतरले. मी त्यांना डाव्या मागच्या चाकाकडं बोट दाखवलं. चाक आणि दरी यांच्यामध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा होती. तेही माणूस फार उंच नसेल तर.

जावयांचा चेहरा पांढरा पडला होता. पण त्यांनी गाडीकडं बघितलं आणि पुन्हा त्यांच्यात मालक संचारला.

"तिनं ब्रेक लावलाच असता. पुढं कॅमेरा आहे, रडार आहे. अजून पाच-सहा फूट होते की!"

"म्हणजे मी ते पाच-सहा फूट वाट बघायला पाहिजे होती?"

"हो! आता कळणार कसं, लावला असता का नाही ते?"

दरीत गेलेली गाडी सगळ्यांना दिसते. न गेलेली कुणाला दाखवायची? मी खिशातून जीपची चावी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. बोली म्हणजे बोली. आमची ही गाडीतून बघत होती.

पुढचा घाट जावयांनी मांडी न घालता उतरवला. नारळ मात्र तिथंच.

चिपळूणला मांडवात पंगत बसली होती. इब्राहिम मास्तर शहात्तर वर्षांचे, पांढरी दाढी, पण आवाज तोच, डबल बेलसारखा. मला मिठी मारून म्हणाले, "हैबती, आलास! बिबट्या कुठं ठेवलास?"

"त्याला सीट मिळाली नाही," मी म्हणालो.

मास्तर आमच्याबरोबरच जेवायला बसले. जावयांनी सगळी हकीकत रंगवून सांगितली. मी कसा घाबरलो, कसा हरलो. पंगतीतली अनोळखी माणसंही हसायला लागली. चावीचं जाऊ द्या. संध्याकाळी याच गाडीतून, याच नारळाच्या भरवशावर माझी लेक परत जाणार होती. उद्या आणि परवाही जाणार होती. मी काही बोललो तर लोक म्हणणार, म्हातारा हरला म्हणून चरफडतोय.

"पण नारळ कशाला बांधलात?" मास्तरांनी विचारलं.

"काका, ती सारखी टिंग करते ना! हात आहे का, हात आहे का. डोकं उठतं."

मास्तरांचा हात ताटात थांबला. "गाडी घंटी देऊन विचारते?"

"हो."

"आणि तुम्ही तिला नारळ बांधून गप्प केलीत?"

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हैबती, गाडी चांगली आहे रे."

माझ्याच कंडक्टरनं माझी बाजू सोडावी! मी त्यांच्यावर खेकसणार होतो. तोंड उघडलंही होतं. आणि मग मला कळलं ते काय म्हणतायत ते. दिवसभर मी त्या यंत्राला शिव्या घातल्या होत्या. पण त्या सगळ्या गाडीत शहाणं असं एकच काही होतं, ते म्हणजे ती टिंग. तिलाच आम्ही फास लावला होता.

मी हात धुतले. जेवण अर्धं सोडून.

"धैर्यशीलराव," मी म्हणालो, "घाटाखाली म्हातारा-बितारा कुणी नाही. झोपलेला माणूस मी होतो."

"म्हणजे?"

"मे महिना. लग्नाचे दिवस. माझी सलग तिसरी ड्युटी. दुपारचे दोन. गाडीत वऱ्हाड, साठ माणसं. उंबराच्या वळणाआधी माझे डोळे मिटले. हात स्टिअरिंगवरच होते, बरं का. दोन्ही. पण त्या हातांचा आणि तुमच्या नारळाचा गुण सारखाच होता. मास्तर मागं तिकिटं फाडत होते. वळण आलं तरी भोंगा आला नाही, म्हणून त्यांनी मान वर केली. माणसं तुडवत पुढं आले, तिकिटाची पत्र्याची पेटी माझ्या कानावर हाणली आणि चाक ओढलं. हा व्रण बिबट्याचा न्हाई. पेटीचा हाय."

आणि जावई खोखो हसले.

"मामा, मानलं तुम्हाला! हरल्यावरसुद्धा नवीन काढलीत! आता बिबट्याची पेटी झाली!"

सगळी पंगत हसायला लागली. आमची हीसुद्धा पदराआड हसली. चाळीस वर्षं मी थापा मारल्या, त्यांवर या लोकांनी माना डोलावल्या. आणि आयुष्यात एकदा खरं बोललो तर हे हसतायत! रागानं माझे कान तापले. दोन्ही. व्रणाचा जरा जास्तच.

"खरं आहे ते," मास्तर म्हणाले.

ते मोठ्यानं बोलले नाहीत. पण मास्तर कधी थाप मारत नाहीत हे सगळ्या चिपळूणला ठाऊक आहे.

"त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत, सतरा वर्षं, वळण आलं की मी एक घंटी देणार आणि हा भोंगा देणार. जागा आहेस? जागा आहे. भोंगा नाही आला तर मी पेटी घेऊन निघणार. दोनदा निघालोसुद्धा, पण पोचायच्या आत भोंगा आला. लोकांना काय सांगायचं ते हैबतीवर सोपवलं होतं. त्यानं म्हातारा काढला."

शालननं पाण्याचा पेला खाली ठेवला. "आबा, मी तेव्हा यायचे तुमच्याबरोबर. सुट्टीत."

"त्या दिवशी तू होतीस," मी म्हणालो. "चार वर्षांची. माझ्या शेजारी बॉनेटवर बसली होतीस. ओच्यात कैऱ्या होत्या. त्या सांडल्या म्हणून रडलीस. बाकी काही तुला कळलं न्हाई."

आता कुणी हसलं नाही. जावयांनी शालनकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग ते ताटावरून उठले आणि हात न धुताच बाहेर गेले. मांडवाच्या फटीतून मला गाडी दिसत होती. ते दार उघडून वाकले. गाठ करकचून बांधलेली, उष्ट्या हातानं सुटेना. शेवटी दातानं सोडवली.

परत आले आणि नारळ माझ्या पुढ्यात ठेवला. चावी? चावीचं नाव काढलं नाही! मी वाट बघितली. आता खिशात हात घालतील, मग घालतील. चार वर्षं झाली, अजून वाट बघतोय. माझी जीप चिंचेखाली उभी आहे आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. तिला लायसन नाही, पण तिला कुणी काही म्हणत नाही. नारळाच्या आमच्या हिनं वड्या केल्या. गाडी चालवण्यापेक्षा त्याला ते कितीतरी बरं जमलं.

चार वाजता आम्ही निघालो. मी मागं, आमच्या हिच्या शेजारी. शालन पुढं, माझ्या जागी. पोफळी सोडली आणि घाट सुरू झाला. जावयांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नव्या ड्रायव्हरसारखे घट्ट. 'टिंग' वाजली की ते चाक जरा हलवायचे, आणि गाडी गप्प व्हायची.

पहिलं वळण आलं. शालननं बोटाच्या पेरानं पुढच्या फळीवर एकदा ठोकलं.

जावयांनी तिच्याकडं बघितलं. मग भोंगा दिला.

दुसऱ्या वळणाला ठोका, भोंगा. तिसऱ्याला ठोका, भोंगा. उंबराचं वळण आलं. ते चुन्याचे दगड, आम्ही सकाळी फरपटलेले. शालननं ठोकलं. भोंगा आला नाही. जावई खाली दरीकडं बघत होते. तिनं पुन्हा ठोकलं, यावेळी मुठीनं.

"जागा आहे, जागा आहे!" जावई म्हणाले, आणि एवढा लांब भोंगा दिला की डोंगरावरची माकडं पळाली.

त्याच्या पुढची वळणं किती झाली, कशी झाली, मला सांगता येणार नाही. चौतीस वर्षांत या घाटात मी एकदाच झोपलो होतो. त्या दिवशी दुसऱ्यांदा झोपलो. आमची ही सांगते की पुढनं ठोका ऐकू आला की मी झोपेतच दर वेळी कूस बदलत होतो.